घाट, गाडी आणि जड झालेलं स्टेअरिंग

वाई सोडली की पसरणीचा घाट सुरू होतो आणि पाचगणी येईपर्यंत स्टेअरिंग काही सरळ राहत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी. आपल्या नेहमीच्या हॅचबॅकला याचं काहीच वाटत नाही. पण सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्स कार इथे आणली आणि तिचं पॉवर स्टेअरिंग थकलेलं असलं, तर त्या दिवशी जिमला जायची गरज नाही!

हल्ली जुन्या गाड्यांचं वेड आपल्या वयाच्या मंडळींनाही लागलंय. कुणी काकांची गाडी बाहेर काढतो, कुणी सेव्हिंग्ज मोडून विकत घेतो. रंग, क्रोम, सीटकव्हर यांवर पैसा ओतला जातो. स्टेअरिंग मात्र शेवटी आठवतं.

खरं तर ही सोय जुनीच. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनीअरने १९२६ मध्येच ती गाडीत बसवून दाखवली होती. बाजारात यायला मात्र क्रायस्लरची १९५१ची इम्पीरियल उजाडावी लागली. स्पोर्ट्स कारवाले आणखी उशिरा वळले. शेव्हरोले कॉर्व्हेटला १९६३ मध्ये ती जादा पैसे मोजून मिळू लागली. जग्वार ई-टाइपची बारा सिलिंडरवाली गाडी १९७१ मध्ये आली, ती पॉवर स्टेअरिंग घेऊनच. पुढे जड इंजिन आणि रुंद टायर म्हटल्यावर दुसरं काय करणार?

आता यात बिघडतं काय ते बघू. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो. तो दाबाखालचं ऑइल होस पाइपमधून स्टेअरिंगच्या रॅककडे पाठवतो. तुम्ही चाक वळवलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल त्या बाजूला ढकलतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी पाइप आणि ऑइल सील कडक होतात. मग पार्किंगमध्ये खाली ऑइलचा डाग, वळताना पंपाचा कण्हल्यासारखा आवाज आणि कमी वेगाला जडपणा. ही तीन लक्षणं एकत्र दिसली, तर पाचगणीचा प्लॅन पुढे ढकला.

मदत गेली म्हणून स्टेअरिंग लॉक होत नाही, फक्त जड होतं. पण घाटातल्या यू-टर्नसारख्या वळणावर वेग कमी आणि चाक भरपूर वळवायचं, म्हणजे जोर सगळ्यात जास्त तिथेच लागतो. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्या बहाद्दरांनो, पंप इंजिनवर चालतो. ब्रेकचा बूस्टरही त्याच्याच जिवावर असतो. म्हणजे एका किल्लीत दोन्ही गेले!

बदलायला घेण्याआधी टायरमधली हवा, बेल्टचा ताण आणि ऑइलची पातळी बघून घ्या. कधी कधी दुखणं तिथेच संपतं. नाही संपलं, तर नुसता पंप बदलून भागवू नका. जुन्या रॅकमधला कचरा नव्या पंपालाही खातो. पंप, पाइप, रॅक आणि रॅकचे रबर बुश यांचा एकत्र विचार करा. टाय रॉड एंड काढताना ते किती आटे फिरले हे मिस्त्रीने लिहून ठेवायला हवं. नवं ऑइल भरल्यावर पुढची चाकं उचलून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवायचं, म्हणजे अडकलेली हवा निघते. टोकाला मात्र धरून ठेवायचं नाही, पंप तापतो. शेवटी व्हील अलाइनमेंट. ते न करता गाडी ताब्यात घेऊच नका.

दुसरा पर्याय इलेक्ट्रिकचा. स्टेअरिंगच्या दांड्यावर मोटर बसते, ऑइलची भानगडच नाही. गाडीत डायनॅमो असला तर मात्र आधी अल्टरनेटर लागेल, कारण मोटर करंट बराच ओढते.

आणि इथेच खरी गोम आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी मूळ रूपात असेल, तर तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल केलेला चालत नाही. म्हणून नवं किट बसवायला मिस्त्रीने कटर किंवा वेल्डिंग मशीन हातात घेतलं की थांबवा त्याला. मूळच्याच भोकांत बोल्टने बसेल तेच घ्या आणि काढलेला जुना रॅक भंगारात न देता कापडात गुंडाळून ठेवा. उद्या गाडी परत मूळ रूपात आणता आली पाहिजे.

आणखी एक. 'व्हीए' नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. दर वीकएण्डला स्ट्रॉबेरी क्रीम खायला पाचगणी गाठायची असेल, तर साधी नोंदणीच टिकवा. मग आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारून बदल करा.

थोडक्यात, आधी ठरवा की तुम्हाला गाडी मिरवायचीय की चालवायचीय. स्टेअरिंग कुठलं बसवायचं, ते त्यावर ठरेल. मिस्त्रीकडे त्यानंतर जा.