'लीड' की 'लेड'?

विज्ञानाच्या तासाला कोणी 'लेड-अ‍ॅसिड बॅटरी'ऐवजी 'लीड-अ‍ॅसिड बॅटरी' असे वाचले, की वर्गात हशा पिकतो. वाचणारा ओशाळतो आणि पुढच्या वेळी हात वर करीत नाही. हे हसणे केवळ अयोग्यच नव्हे, तर अशास्त्रीय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एल, ई, ए, डी या चार अक्षरांत दोन वेगळे शब्द दडले आहेत. एक क्रियापद, म्हणजे पुढे होऊन नेणे. त्याचा उच्चार 'लीड'. दुसरे नाम, म्हणजे शिसे हा धातू. त्याचा उच्चार 'लेड'. जुन्या इंग्रजीत दोन्हींतला स्वर दीर्घ होता. पुढे धातूच्या नावातला स्वर ऱ्हस्व झाला, पण स्पेलिंग दोन्हींचे एकच राहिले. भरीस भर म्हणजे क्रियापदाचा भूतकाळही 'लेड' असाच उच्चारतात, मात्र लिहिताना त्यातला 'ए' गाळतात! प्रयोगशाळेत तर दोघे एकाच टेबलावर भेटतात: बॅटरीतल्या पट्ट्या 'लेड'च्या आणि तिला जोडलेली तार म्हणजे 'लीड'.

मग ओळखायचे कसे? अर्थावरून. वसईच्या खाडीत पाग टाकणाऱ्याचे जाळे पाहा. त्याच्या काठाला शिसे लावलेले असते. शिसे पाण्याच्या सुमारे 11 पट जड, म्हणून जाळे झटकन तळ गाठते. ते 'लेड'. होड्यांच्या रांगेत पुढची होडी वाट दाखवते, ते 'लीड'.

अर्थाकडे दुर्लक्ष झाले की खरा घोटाळा होतो. पेन्सिलीच्या कांडीला इंग्रजीत 'लेड' म्हणतात, आपणही 'शिसपेन्सिल' म्हणतो. पण तीत शिसे मुळीच नसते. 16व्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे सापडलेले ग्रॅफाइट लोकांना शिशाचाच प्रकार वाटले. 1779 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते कार्बनचे रूप असल्याचे दाखवले, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. खरे शिसे मात्र विषारी, मुलांच्या मेंदूला घातक. म्हणूनच 2000 साली भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. शिसे कोठे असते आणि कोठे नसते, हे कळणे उच्चारापेक्षा कितीतरी महत्त्वाचे नाही का?

आणि आपल्याला हे कठीण का वाटावे? 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' आपण न अडखळता वेगवेगळे उच्चारतो. वसईतील कितीतरी मुले घरी सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठी वाचतात. संदर्भ पाहून उच्चार बदलण्याची कला त्यांच्या अंगी आधीच आहे.

शिक्षकांना एवढीच विनंती की, मुलगा अडखळला तर आधी त्याला वाक्याचा अर्थ विचारा. अर्थ सापडला की उच्चार आपोआप सापडेल. आणि मित्रांनो, तुम्ही हसण्याऐवजी शब्दकोश उघडा!