मुलगी डॉक्टर झाली; आतां शाखा कोणती?

पुण्याच्या एका वाचक-भगिनींचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांची कन्या एम्. बी. बी. एस्. झाली, बंधपत्राप्रमाणें एक वर्ष ग्रामीण रुग्णालयांत काम करून आली, आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेंत तिचा क्रमांकही वर लागला. तिनें क्ष-किरणशास्त्र घ्यावें, असें घरांतील वडील मंडळींचें मत. तिचा आग्रह मात्र प्रसूतिशास्त्राचा. "मुलीच्या जातीनें रात्रीं-अपरात्रीं धांवावें, हें आम्हांस कसें रुचावें?" असें त्या विचारतात. प्रश्न एका घरापुरता नसल्यामुळें त्याचा विचार येथें करणें आम्हांस उचित वाटतें.

विद्यार्थी आपल्या आवडीनें शाखा निवडतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. साडेपांच वर्षें पहिल्या पदवीस, तीन वर्षें पुढील पदवीस, आणि मध्यें परीक्षेच्या तयारींत जाणारा काळ धरला, तर स्वतःच्या पायांवर उभें राहण्यास वयाचें 28 वें वर्ष सहज उजाडतें. त्यांतून खासगी महाविद्यालयाच्या फीकरितां कर्ज काढलेलें असलें, म्हणजे कोणतें काम आवडतें यापेक्षां कोणत्या कामानें कर्ज लौकर फिटेल, हा विचार बळावतो. त्यावर क्रमांकाची मोहिनी असतेच. अलीकडे वरच्या क्रमांकाचे पुष्कळ विद्यार्थी क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग व सामान्य वैद्यक यांकडे वळतात. उलट शरीररचना, जीवरसायन अशा अध्यापनाच्या विषयांतील जागा रिकाम्या राहतात. 2023 सालीं तर राहिलेल्या जागा भराव्या म्हणून पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणण्यांत आली. इतरांनीं जें उचललें तें आपण सोडलें, तर क्रमांक वाया गेला, असें मग घरोघरीं बोललें जातें.

आणखी एक कारण आहे. 1946 सालीं भोर समितीनें सर्वसामान्य जनतेस उपयोगी पडेल असा 'मूलभूत डॉक्टर' तयार व्हावा, असें सुचविलें. परंतु विद्यार्थ्याचें बहुतेक शिक्षण मोठ्या रुग्णालयांत, निरनिराळ्या तज्ज्ञांच्या हाताखालीं होतें. साधा, कुटुंबाचा डॉक्टर त्याच्या दृष्टीसच फारसा पडत नाहीं. मग तसें व्हावें असें त्यास कसें वाटावें? या कन्येनें एक वर्ष तें काम डोळ्यांनीं पाहिलें आहे. तेव्हां तिचा आग्रह हा हट्ट नव्हे. तो अनुभव आहे.

आनंदीबाई जोशी यांची आठवण या ठिकाणीं होते. चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला, आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखानें त्यांस वैद्यकाकडे वळविलें. 1886 सालीं फिलाडेल्फिया येथें पदवी घेतांना त्यांनीं प्रबंध लिहिला, तोही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरच. 1887 च्या फेब्रुवारींत त्या निवर्तल्या. तेव्हां त्यांस बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. व्यवसाय करण्यास त्यांस अवधि मिळाला नाहीं. परंतु त्यांनीं धरलेली वाट चुकली, असें आज कोण म्हणेल?

आईचें भय मात्र आम्ही पोकळ मानीत नाहीं. 2024 च्या ऑगस्टांत कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयांत कामावर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर कोणत्या आईचा जीव स्वस्थ राहील? पण क्ष-किरणशास्त्राची मुलगी रात्रीं घरीं असते, ही समजूत चुकीची आहे. अपघाताचा रोगी मध्यरात्रीं आला, तर त्याचें चित्र त्याच वेळीं काढावें व वाचावें लागतें. शाखा बदलून रात्र टळत नाहीं. म्हणून चौकशी करावयाची ती रुग्णालयाची: विश्रांतीची खोली आंतून बंद होते काय, पहारा असतो काय, पाळी सलग किती तासांची, रात्रीं परत येण्याची सोय कोणती. हे प्रश्न आईबापांनीं निर्भीडपणें विचारावे.

क्ष-किरणशास्त्र हलकें, असें आम्ही म्हणत नाहीं. नेमकें निदान हातीं नसेल तर शस्त्रक्रिया करणारा कुशल हातही चांचपडतो. ज्यास त्या कामाची गोडी असेल त्यानें तें अवश्य घ्यावें. परंतु दुसऱ्याच्या सोयीकरितां घेतलेली शाखा पुढें तीस-पस्तीस वर्षें आपल्यासच ओढावी लागते. भगिनींनीं कन्येस जवळ बसवून, त्या वर्षांत तूं काय पाहिलेंस, एवढेंच विचारावें, आणि मध्यें न बोलतां ऐकावें. शिवाय मनाशीं एकदां पडताळून पाहावें: मुलगा असता, तर त्याच्या रात्रींच्या धांवपळीचें आपण कौतुकच केलें नसतें काय?