बोटांचा भाव मालकाने ठरवायचा नाही



पॉवर प्रेसमध्ये हात सापडून बोटे गेलेला कामगार दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा बहुधा त्याच्या मागोमाग कारखान्याचा सुपरवायझरही येतो. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात स्टॅम्पपेपर. “शेठने दवाखान्याचं बिल भरलं. आता हे दीड लाख घ्या, सही करा, मिटवून टाका.” घरात भाडे थकलेले, किराणा उधार. त्या घटकेला दीड लाख डोंगराएवढे वाटतात आणि सही होते.

हा डोंगर खरेच केवढा आहे ते मोजू. मी हिशेबाचा माणूस, म्हणून आकड्यांतच बोलतो.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातले सूत्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पूर्ण व कायमचे अपंगत्व आले तर मासिक पगाराचे ६० टक्के काढायचे आणि वयानुसार दिलेल्या आकड्याने गुणायचे. वय ३० असेल तर हा आकडा २०७.९८, चाळीस असेल तर १८४.१७. २०२० साली केंद्राने हिशेबासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये केली, म्हणून उदाहरणाला तोच पगार घेऊ. साठ टक्के म्हणजे ९,०००. तीस वर्षांच्या कामगाराचे झाले १८,७१,८२० रुपये. एका हाताची चारही बोटे गेली तर कायद्याच्या तक्त्यात ५० टक्के नुकसान धरले आहे. म्हणजे ९,३५,९१० रुपये. शेठचे दीड लाख याचा सहावा हिस्साही भरत नाहीत! आणि दवाखान्याचा खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, तो उपकार नव्हे.

तक्त्यातली टक्केवारी म्हणजे काळ्या दगडावरची रेघही नाही. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के धरले गेले, आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात बोटे किती गेली एवढेच नको. माणूस पूर्वी कोणते काम करी आणि आता कोणते करू शकत नाही, हेही यावे.

मग तडजोड करूच नये का? करावी, पण कारण खरे असेल तर. पगाराची पावती नाही, हजेरीवर नाव नाही, अपघात कामावरच झाला याला साक्षीदार नाही, अशा वेळी खटला लांबतो आणि थोडे सोडणे शहाणपणाचे ठरते. माझे मत असे, की व्याज सोडावे, मुद्दल शक्यतो सोडू नये. (महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते, हे मालकाच्या वकिलाला पाठ असते.) “तुझाच निष्काळजीपणा” हे मात्र कारण नव्हे. साध्या चुकीने हक्क बुडत नाही. दारू प्यायला होता किंवा मुद्दाम गार्ड काढला असे म्हणणे असेल तर ते मालकाने सिद्ध करावे. ठेकेदार पळाला तरी मूळ मालक सुटत नाही.

ज्यांची ईएसआय कापली जाते त्यांचा रस्ता वेगळा आहे. त्यांना मालकाकडून ही भरपाई मागता येत नाही; ईएसआयचे वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्याप्रमाणे दरमहा पैसे मिळतात. त्यामुळे आधी ईएसआयचे कार्ड शोधा, मग भांडा.

तडजोड ठरलीच तर करारनामा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदवून घ्यायचा. रक्कम अपुरी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. हक्क सोडल्याची परस्पर केलेली सही कायद्यापुढे टिकत नाही, म्हणून जिने सही करून दिली तिनेही आशा सोडू नये. कामगार दगावला असेल तर भरपाई त्या अधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते, विधवेच्या हातात परस्पर पाकीट देऊन मालक मोकळा होत नाही.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. “बघू, देऊ” म्हणत ती संपवणारे मालक पुष्कळ आहेत. अपघाताची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.