क्रूस स्वतः उचलायचा असतो

मे महिन्याचा उकाडा, मिस्सा नुकतीच सुटलेली, आणि देवळाच्या आवारात एक बाई पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून उभी. पदर सावरताना बाही वर सरकली आणि मनगटाच्या वरचे काळेनिळे वळ दिसले. शेजारच्या वयस्कर मावशींनाही ते दिसले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाल्या, "बाय, क्रूस समजून वाहायचं. प्रभूनं काय कमी सोसलं?"

मावशींच्या मायेबद्दल मला शंका नाही. त्यांच्या सल्ल्याशी मात्र माझं उभं भांडण आहे. आपल्या वसईच्या ख्रिस्ती घरांत हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो बहुतेक वेळा बायकांच्याच वाट्याला येतो. दारू पिऊन हात उचलणाऱ्याला कुणी क्रूसाची आठवण देत नाही.

शुभवर्तमान नीट वाचलं तर काय दिसतं? नासरेथच्या लोकांनी येशूला डोंगराच्या कड्यापर्यंत ढकलत नेलं, तेव्हा तो त्यांच्यामधून वाट काढून निघून गेला. तिथं त्यानं मरण पत्करलं नाही. पुढे महायाजकासमोर शिपायानं थप्पड मारली, तेव्हाही तो गप्प बसला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असं त्यानं तोंडावर विचारलं. क्रूस त्यानं घेतला तो स्वतःहून, पित्याच्या इच्छेला होकार देऊन. दुसऱ्याच्या रागाखाली निमूट चिरडून जाण्याला क्रूस म्हणणं हा त्या क्रूसाचाच अपमान आहे.

आपल्याच मातीतला गोन्सालो गार्सिया घ्या. वसईत जन्मलेला हा माणूस पूर्वेकडे व्यापारात जम बसवून होता. तो व्यापार सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि दुभाष्या म्हणून जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर मारलं, त्यांत तो होता. आधी त्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापून त्यांना गावोगाव चालवत नेलं होतं. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. त्याचं मरण श्रद्धेसाठी होतं आणि ती वाट त्यानं स्वतः निवडली होती. नवऱ्याच्या हातचा मार ही कुठल्या श्रद्धेची साक्ष?

ठाम राहणं कसं असतं, हे आमच्या पिढीनं फादर फ्रान्सिस दिब्रिटोंमध्ये डोळ्यांनी पाहिलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिल्डरांची नजर वसईच्या हिरव्या पट्ट्यावर पडली, टँकर विहिरी उपसू लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीतून ते उभे राहिले. धर्मगुरूनं देवळात राहावं, असे टोमणे त्यांनी ऐकले, धमक्याही आल्या. झगा उतरवला नाही आणि आंदोलनही सोडलं नाही. २०२० च्या जानेवारीत झालेल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते पाद्री आहेत म्हणून काहींनी विरोध केला. दुखणं अंगावर असतानाही ते गेले, आणि ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी लेखक म्हणूनच बोलले. आवाज मृदू होता, पण नकार पक्का होता. कुणाचा द्वेष न करता नाही म्हणता येतं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता त्या बाईकडे येते. तिला वाटतं की घर सोडलं तर देवाघरचं लग्न मोडल्याचं पाप लागेल. तिला कुणीतरी चर्चचाच कायदा वाचून दाखवायला हवा. १९८३ च्या संहितेतला कॅनन ११५३ सांगतो की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहण्याला ते रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांचा आदेश घ्यायचा, आणि थांबण्यातच धोका असेल तर स्वतःच्या अधिकारानंही निघता येतं. लग्नाचं बंधन त्यानं तुटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या पत्रात त्याहून पुढे जाऊन लिहिलं, की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तर धर्म न विचारता प्रत्येक बाईला राहत्या घरात संरक्षण देतो.

आणि क्षमा? ती करावीच. पण ती लांबूनही करता येते. मनातला राग सोडणं वेगळं आणि पुन्हा त्याच हाताखाली जाऊन उभं राहणं वेगळं. क्षमा मागणाऱ्यानं आधी दारू सोडावी, समुपदेशकाकडे जावं, वागणूक बदलल्याचं दाखवावं. एका रविवारी मिस्सेला शेजारी येऊन बसला, एवढ्यानं ते सिद्ध होत नाही.

लग्नाआधीच्या मार्गदर्शन वर्गात प्रार्थना शिकवतात, संसाराचा हिशेब शिकवतात. तिथंच पहिल्या दिवशी, मुलगा-मुलगी दोघांसमोर, कॅनन ११५३ वाचून दाखवा. महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक प्रत्येक देवळाच्या सूचनाफलकावर लावा. आणि मावशींनो, अशी बाई तुमच्या दारात आली तर आधी तिला घरात घ्या, डॉक्टरकडे न्या. समेटाचं बोलणं नंतर, तेही तिला हवं असेल तरच.