दहाचा सांबार

परवा नाचणगावी वहिनीनं पोराला पिटाळलं, "दहाचा सांबार आणजो." पोरगा सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आला. आमच्या वर्धा जिल्ह्यात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पण टीव्हीवरच्या स्वयंपाकघरात अन् मोबाईलवरच्या रेसिप्यांत सगळीकडे कोथिंबीरच, मग पोराचा काय दोष? आजीनं कपाळाला हात लावला, "याले काय सांगू बाप्पा!" पोरगा फिसकन हसला. मसाल्याला नाही, तिच्या 'याले'ला.

ते हसू माझ्या ओळखीचं. 2014 साली टीव्हीवर 'चला हवा येऊ द्या' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला अन् अमरावतीकडचे भारत गणेशपुरे त्यात ठसक्यात वऱ्हाडी बोलू लागले. आम्ही हरखलो. आपल्यासारखं बोलणारा माणूस घरोघरी! पुण्याच्या ऑफिसात "जाऊन राह्यलो" निसटलं की जीभ चावणारा मी, एके दिवशी साहेबाला मुद्दाम म्हणालो, "मले सुट्टी पाह्यजे, माय आजारी हाये." सगळे खदखदून हसले. एक जण म्हणाला, "परत बोल ना!" माय खरंच आजारी होती.

यात गणेशपुऱ्यांचा दोष नाही. त्यांनी दार उघडलं. त्या दारातून फक्त विनोदच आत यावा, ही सवय आपली. 2016 च्या 'सैराट' चित्रपटात नायिका आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत प्रेम करते, दम देते, रडतेही, अन् तिच्या रडण्याला कोणी हसलं नाही. आमची बोलीही पडद्यावर रडली आहे. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' 2009 चा, कापूस पिकवणाऱ्या अन् कर्जात रुतलेल्या घराचा. नाचणगावच्या आमच्या घरात तो कोणीच पाहिलेला नाही. मीही फार उशिरा, लॅपटॉपवर पाहिला. विनोदाचे तुकडे मात्र सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, माझ्याही.

असो. वहिनीनं पोराला पुन्हा धाडलं. या खेपेला तो ठेल्यावर जाऊन शुद्ध भाषेत म्हणाला, "काकू, कोथिंबीर द्या."

भाजीवाली म्हणाली, "ते नाही बापू आपल्यापाशी. सांबार हाये, देऊ का?"