शेगडीचा हिशेब

मुदखेडला काय नि आणखी कुठे काय, संध्याकाळी विजेचा दाब उतरला की शेगडी लाल होत नाही, भाकर कच्ची राहते. मग घरोघरी नवी कॉइल आणायची घाई होते. भगिनींनो, आम्ही म्हणतो, आधी हिशेब मांडा. पोरांना पाटी घेऊन जवळ बसवा.

शेगडीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असे छापलेले असते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. तेव्हा १००० ला २३० ने भागा; प्रवाह आला सुमारे ४.३५ अँपिअर. आता २३० ला ४.३५ ने भागा. आला कॉइलचा रोध, जवळपास ५३ ओहम. दाब उतरला तरी हा रोध फारसा बदलत नाही. समजा दाब १८० झाला. १८० भागिले ५३ म्हणजे ३.४ अँपिअर. १८० गुणिले ३.४ म्हणजे अवघे ६१२ वॅट! दाबाबरोबर प्रवाहही घटला, म्हणून आच इतकी मंदावली. कॉइल बिचारी निर्दोष.

हा नियम १८२७ साली पुस्तकात मांडणारा जॉर्ज ओहम हा जर्मनीतल्या एका कुलूप करणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाने स्वतः शिकून पोरांना घरीच गणित शिकवले होते.

आणखी एक. ६ अँपिअरच्या एकाच बोर्डावर दोन शेगड्या लावल्या तर पूर्ण दाबाला ८.७ अँपिअर ओढले जातात. तार तापते, प्लास्टिक वितळते, कुडाच्या घराला आग लागायला वेळ लागत नाही. शेगडीला जाड तारेचा १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या, अर्थिंगसह.