पहिल्याच सामन्यावरून पंचनामा

प्रो कबड्डीचा मोसम सुरू झाला की तळोद्यात जाणकारांची संख्या एकाएकी वाढते. एरवी ऊस, केळी आणि पपईच्या भावावर बोलणारी माणसे टपरीवरच्या चहासोबत कोपरारक्षकाच्या पकडीवर बोलू लागतात. दूरदर्शन संचासमोर घरातल्या आजीबाईही बसतात, कारण या खेळाचे नियम त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. संघाचे दोन-तीन सामने झाले की निकालपत्र तयार असते. "यंदा पलटणचं काही खरं नाही, भाऊ," असे एक जण म्हणतो. दुसरा त्याच सामन्यावरून चषक पुण्यात आणून ठेवतो. मोसमाचे दोन महिने अजून बाकी असतात, पण पंचनामा मात्र उरकलेला असतो.

या गप्पांत मीही असतो. शाळेत खेळाचे तास घेण्यात आणि तालुक्याच्या स्पर्धांत पंचाची शिट्टी फुंकण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे "गुरुजी, तुम्ही सांगा" असा आग्रह होतो. मोसमाच्या सुरुवातीला दिसतो तो संघ खरा किती आणि भासणारा किती, हा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ही पारख चुकली तर त्याची किंमत कोण मोजतो?

गुणफलक काय सांगत नाही

2024 च्या मोसमाचेच उदाहरण घ्या. मार्च 2024 मध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डीचा चषक जिंकला. त्या संघाचा मोठा आधार होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. पुढच्या लिलावात तो पुण्याकडून सुटला आणि हरियाणाकडे गेला. ऑक्टोबरमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्याच लढतीत हे दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि पुण्याने 35-25 असा सहज विजय मिळवला. झाले! शादलुई गेला तरी बिघडले कुठे, पुण्याची साखळी तशीच मजबूत आहे, हरियाणाने पैसे वाया घालवले, असा निवाडा लागला.

पुढे काय झाले? पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार ऐन मोसमात दुखापतीने बाहेर गेला. संघाची घडी विसकटली आणि गतविजेता असूनही तो बाद फेरी गाठू शकला नाही. हरलेला हरियाणा मात्र साखळीत अव्वल ठरला. 29 डिसेंबर 2024 रोजी त्याने पाटणा पायरेट्सला 32-23 असे नमवून चषक उचलला, तोही पुण्याच्या बालेवाडीत. पहिल्या सामन्यातला दहा गुणांचा फरक खोटा नव्हता. तो त्या संध्याकाळपुरता खरा होता, एवढेच.

मग सुरुवातीच्या सामन्यांतून काहीच कळत नाही का? कळते, पण ते गुणफलकाच्या शेवटच्या ओळीत नसते. गुण आले कुठून, हे आधी पाहावे. एकाच चढाईपटूने निम्म्याहून अधिक गुण आणले असतील तर तो विजय उसना समजावा, कारण त्याचा घोटा मुरगळला की संघ उघडा पडतो. पकडीचे गुण चार-पाच जणांत वाटले गेले असतील तर मात्र तो पराभवसुद्धा आशादायक असतो. शेवटच्या पाच मिनिटांत संघाचा दम टिकला का, लोण चढल्यावर पोरांनी खांदे पाडले की पुन्हा साखळी धरली, हे त्यानंतर पाहावे. आणि प्रतिस्पर्धी कोण होता, हे तर विसरूच नये. दुबळ्या संघावर वीस गुणांनी मिळवलेल्या विजयापेक्षा बलाढ्य संघाशी दोन गुणांनी झालेला पराभव अनेकदा अधिक बोलका असतो.

तीन पराभवांनंतर

क्रिकेटमधले एक उदाहरण तर आपल्या मराठी माणसाचेच आहे. 2006-07 च्या रणजी मोसमात अमोल मुजुमदारच्या नेतृत्वाखाली मुंबईने सुरुवातीचे तीन सामने गमावले. मुंबईच्या क्रिकेटचे दिवस संपले, अशी तेव्हा चर्चा होती. त्याच संघाने फेब्रुवारी 2007 मध्ये वानखेडेवर बंगालला हरवून करंडक जिंकला.

योगायोग असा की, 2025 च्या महिला विश्वचषकात भारतीय संघाचा प्रशिक्षक होता तोच अमोल मुजुमदार. पहिले दोन सामने जिंकल्यावर आपण दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याशी लागोपाठ हरलो. इंग्लंडविरुद्धचा इंदूरचा पराभव तर अवघ्या चार धावांचा होता. त्या रात्री घरोघरी या मुलींचा निकाल लागून गेला होता. "ऐन वेळी कच खातात" हे वाक्य मी तळोद्यात किती जणांकडून ऐकले, त्याची मोजदाद नाही. पण तिन्ही पराभव निसटते होते आणि तिन्ही संघ तगडे होते, हे फारच थोड्यांनी पाहिले. त्यानंतर उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग झाला, जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा केल्या आणि 2 नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला.

या तिन्ही कथांतून जिद्दीचा धडा काढण्याची आपल्याला सवय आहे. जिद्द होतीच. पण तिच्याआधी एक अगदी रुक्ष गोष्ट होती, ती म्हणजे स्पर्धेची रचना. हरियाणाला पहिल्या पराभवानंतर साखळीतले आणखी एकवीस सामने मिळाले. मुंबईला चौथा सामना मिळाला. भारतीय महिलांना न्यूझीलंडविरुद्धचा सामना मिळाला आणि तो जिंकून त्यांनी उपान्त्य फेरी गाठली. पुढचा सामनाच नसता तर त्यांची जिद्द कोणाला दिसली असती?

आपल्या पोरांचा मोसम किती मिनिटांचा?

आता दूरदर्शन संच बंद करून आपल्या मैदानावर या. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांची शिडी ठरलेली आहे: तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य. महाविद्यालयांचे सामने जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली होतात. वेळ थोडा, पैसा थोडा, संघ अनेक. म्हणून यातले बहुतेक सामने बाद पद्धतीने उरकले जातात. हरलात की घरी. म्हणजे पहिलाच सामना हरणाऱ्या संघासाठी मोसमाची सुरुवात आणि शेवट यांत एका सामन्याचे अंतर असते. जून-जुलैपासून चिखल तुडवत केलेला सराव चाळीस मिनिटांत संपतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांतले आणि आश्रमशाळांतले संघ मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. मातीवर अनवाणी खेळलेला मुलगा पहिल्यांदा मॅटवर बूट घालून उतरतो तेव्हा पहिल्या डावात त्याचा पाय घसरतोच. गर्दी, भोंगा, शिट्टी, अनोळखी पंच यांनी तो बावरतो. दुसऱ्या डावात त्याला मॅट कळू लागते, तो मोकळा होतो, एखादी अशी पकड करतो की पंचानेही क्षणभर थक्क व्हावे. पण तोवर गुणांचे अंतर पडलेले असते. जीप परत निघते आणि निवड करणाऱ्यांच्या वहीत त्याचे नाव नसते.

"पुढच्या वर्षी बघू," असे आपण सहज म्हणतो. पण पुढचे वर्ष सर्वांना सारखे मिळत नाही. दिवाळी उलटली की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि इतरत्र जातात. त्यांच्याबरोबर पोरेही जातात. त्यांतली काही पुन्हा वर्गात दिसतात, काही दिसत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर घरातल्यांची परवानगी एकदाच मिळते. पहिल्याच सामन्यात हरून आलेल्या लेकीला पुढच्या खेपेला पाठवायला बाप का कू करतो.

यात केवळ ढाल-चषकाचा प्रश्न नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी वरच्या पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र लागते आणि तिथपर्यंतची पहिली पायरी तालुक्याच्या मैदानावरच असते. त्या पायरीवर एकाच घसरणीला माफी नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये 68 संघांची बाद फेरी होते. तीही निर्दय असते. 2018 मध्ये पहिले मानांकन असलेला व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून वीस गुणांनी हरला आणि सगळ्या देशात त्याचे हसे झाले. पुढच्याच वर्षी तो विजेता ठरला. मात्र तेथील प्रत्येक संघ बाद फेरीपूर्वी तीसच्या आसपास सामने खेळलेला असतो. तिथे बाद फेरी मोसमाच्या शेवटी येते. आपल्याकडे ती पहिल्याच सकाळी येते.

हिशेब फार मोठा नाही

तीस सामने आपण देऊ शकणार नाही, हे उघड आहे. पण तीन? समजा तालुक्यात आठ संघ उतरले. बाद पद्धतीत एकूण सात सामने होतात आणि चार संघ एकेक सामना खेळून परततात. त्याऐवजी चार-चार संघांचे दोन गट करून साखळी खेळवली तर बारा सामने, दोन उपान्त्य आणि एक अंतिम, असे पंधरा सामने होतील. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील. एका सामन्याला विश्रांती धरून तास दिला तरी दोन मैदानांवर हे काम दोन दिवसांत आटोपते. जिल्ह्याच्या पातळीवर सहा तालुक्यांचे सहा विजेते संघ आले तर तीन-तीनचे दोन गट करता येतील. पाचांऐवजी नऊ सामने होतील आणि धडगावचा संघ घाट उतरून आला तर निदान दोनदा खेळून जाईल.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च वाढेल. पंच कमी पडतील. पावसाळ्यात मैदान दोन दिवस कोरडे राहील याची खात्री नाही. शिक्षकांना शाळेतून इतका वेळ सोडता येत नाही. हे सारे खरे आहे. परंतु गणेशोत्सवात आणि यात्रेत आपण वर्गणी काढून कितीतरी मोठे खर्च पेलतो. गावातली एखादी मंडळी दोन वेळच्या खिचडीची जबाबदारी घेऊ शकते. माजी खेळाडू पंचगिरी शिकून घेऊ शकतात. आणि दुसरे मैदान आखायला फक्कीची दोन पोती पुरतात. अडचण पैशांपेक्षा मानण्याची आहे. हरलेल्या संघाला आणखी एक संधी देणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपण मनातून धरून चाललो आहोत.

टपरीवरचे पंचनामे चालू राहोत. त्यात गंमत आहे, आणि आपण दिलेल्या निकालाने पुण्याच्या किंवा मुंबईच्या संघाचे काही बिघडत नाही. त्यांचा पुढचा सामना दोन-तीन दिवसांत असतो. आपल्या गावच्या पोरांचा पुढचा सामना मात्र वेळापत्रकात आपण लिहिला तरच असतो.